कूपर कुठे नाही ते सांगा!

अंधेरी-पार्ल्याच्या माणसापुढे 'कूपर' म्हटलं की त्याला केसपेपरची रांग आठवते. सातारकराला इंजिन आठवतं. कायद्याच्या विद्यार्थ्याला बँकांचं राष्ट्रीयीकरण, मालिकावेड्याला सोफ्यावरची आपली ठरलेली जागा कुणालाही न देणारा शेल्डन आणि गाडीवेड्याला खिशाला न परवडणारी मिनी. ब्राझीलमधल्या माणसाला तर कूपर म्हटलं की बूट चढवून पळायला जावंसं वाटतं. का, ते पुढे येईलच. आडनाव एकच, पण ज्या धंद्यावरून ते पडलं तो धंदा या यादीत औषधालाही नाही. कूपर म्हणजे पिंपं बनवणारा. तीही लाकडी.

म्हणून ठरवलं, जगभरचे कूपर गाठायचे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: तुमचा पिंपाशी काही संबंध?

ना खिळा, ना डिंक

इंग्लंडात आडनावं कायमची चिकटायला लागली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. गावात चार-चार जॉन असले की कर कुणाच्या नावावर मांडायचा हा प्रश्न यायचाच. मग लोहारकाम करणारा जॉन तो स्मिथ, दळण दळणारा मिलर, छपरं शाकारणारा थॅचर, बाण करणारा फ्लेचर आणि पिंपं करणारा कूपर. लॅटिनमध्ये 'कूपा' म्हणजे पिंप. तिथून डच लोकांच्या तोंडून हा शब्द इंग्रजीत आला.

आज पिंप म्हटलं की आपल्याला पाण्याचं निळं प्लॅस्टिकचं पिंप दिसतं. तेव्हाचं जग मात्र लाकडी पिंपात भरलेलं होतं. बिअर, वाइन, खारवलेलं मांस, मासे, पीठ, लोणी, जहाजावरचं पिण्याचं पाणी, सगळं पिंपात. लंडनचं पार्लमेंट उडवून द्यायचा १६०५चा कट उघडकीला आला तेव्हा तळघरात सापडली तीही बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन पडला, तेव्हा त्याचा देह ब्रँडीने भरलेल्या पिंपात घालून इंग्लंडला आणला. पिंपवाल्याशिवाय ना व्यापार हलायचा, ना आरमार.

आणि काम भलतं कसबी. ओकचं लाकूड चिरायचं, काही वर्षं उन्हापावसात वाळू द्यायचं, मग एकेक फळी तासायची. फळी मधे रुंद, दोन्ही टोकांना निमुळती आणि कडा तिरप्या. किती तिरप्या? जुने कारागीर मोजपट्टी घेतच नसत, नजरेनेच ठरवत. या फळ्या एका लोखंडी कड्यात उभ्या करायच्या. आता वरच्या टोकाशी त्या एकत्र आणि खाली फाकलेल्या, घेरदार परकरासारख्या दिसतात. मग आत विस्तव पेटवायचा. लाकूड तापून नरम झालं की कडी ठोकत ठोकत फाकलेलं टोक आवळून आणायचं. शेवटी दोन्ही तोंडांना आतून खाच पाडून झाकणं बसवायची. खिळा नाही की डिंक नाही. आतला माल ओला असला की लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप घट्ट होतात. रिकामं पिंप वाळत पडलं की गळायला लागतं.

पिंपाचं पोट फुगीर का, तर त्यामुळे ते जमिनीला फक्त मधे टेकतं. शेकडो किलोंचं धूड एक माणूस गडगडत नेतो, नुसत्या धक्क्याने जागच्या जागी वळवतो. फोर्कलिफ्ट यायच्या आधीची ही फोर्कलिफ्ट.

कूपरांतही पोटजाती होत्या. दारू-तेलाची न गळणारी पिंपं करणारा तो 'ओला' कूपर. पीठ-साखरेची करणारा 'सुका' कूपर. बादल्या, टब, लोणी घुसळायची भांडी करणारा 'पांढरा' कूपर. ओल्याचा रुबाब अर्थातच सगळ्यांत जास्त. लंडनच्या कूपरांच्या संघटनेला १५०१ मध्ये राजाची सनद मिळाली, आणि ती संघटना अजून हयात आहे. पिंपांच्या मापांची नावं तर खास आहेत: फर्किन म्हणजे ९ गॅलन, किल्डरकिन १८, बॅरल ३६, हॉग्जहेड ५४, बट १०८. मद्यशाळेत हिशेबाला बसणाऱ्याचे पाढे पक्के असणार.

उमेदवारी संपली की शिकाऊ पोराची वरातच निघायची. पोराला पिंपात उभं करायचं, अंगावर काजळी, भुसा, पीठ, बिअर जे हाती लागेल ते ओतायचं आणि पिंप आडवं करून कारखानाभर लोळवायचं. बाहेर आला की तो पक्का कारागीर. इंग्लंडात ही प्रथा अजून टिकून आहे, फक्त लोळवायला शिकाऊ पोरं फारशी उरलेली नाहीत. यॉर्कशरमधल्या मॅशम गावच्या थीकस्टन मद्यशाळेसारख्या मोजक्याच ठिकाणी आता पगारी पिंपवाला असतो. स्कॉटलंडात मात्र धंदा जोरात आहे. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या, नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्यांना पुन्हा बर्बनसाठी चालत नाही. ती पिंपं स्कॉटलंडला जातात, दुरुस्त होतात आणि त्यांत स्कॉच मुरते.

दारूचा धंदा सोडला तर लाकडी पिंप जवळजवळ सगळीकडून हद्दपार झालं, तरी आणखी एका जागी ते अजून अढळ आहे, ती म्हणजे वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान. कच्च्या तेलाचा भाव आजही पिंपामागे मोजतात. पेनसिल्व्हेनियाच्या तेलवाल्यांनी १८६० च्या दशकात ठरवलेलं ४२ अमेरिकन गॅलनचं, म्हणजे सुमारे १५९ लिटरचं हे पिंप. त्या मापाच्या खऱ्या पिंपात आता कुणी तेल भरत नाही. तरी भाव त्याचाच निघतो.

पिंपाच्या जवळ कोण?

१६२० मध्ये मेफ्लॉवर जहाज अमेरिकेला निघालं तेव्हा त्यावर एक कूपर होता. म्हणजे कामाने कूपर. नाव जॉन ऑल्डन. बिअर आणि पाण्याची पिंपं सांभाळायला त्याला नेमला होता. परत फिरायची मुभा असूनही तो तिकडेच राहिला, लग्न केलं, आणि वंश इतका फोफावला की अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष, जॉन ॲडम्स आणि जॉन क्विन्सी ॲडम्स, त्याच्या वंशातले. इतिहासातला हा सगळ्यांत नामांकित पिंपवाला, आणि आडनाव कूपर नाही!

१९०१ मध्ये पिंपात बसून नायगारा धबधब्यावरून खाली येणारी आणि जिवंत राहणारी पहिली व्यक्ती ॲनी टेलर ही शिक्षिका होती. आपल्या ६३ व्या वाढदिवशी तिने हा पराक्रम केला. टेलर म्हणजे शिंपी, तेव्हा ही आडनावाने शिंपीण. कूपर इथेही हुकला.

आमच्या हिशेबात पहिला नंबर लागतो तो ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या थॉमस कूपरचा. यॉर्कशरहून तिकडे गेलेला हा गृहस्थ. घराण्यात सांगतात ती गोष्ट अशी की आजारी बायकोला टॉनिक म्हणून त्याने घरी एल बनवली. १८६२ मध्ये धंदा सुरू झाला. कूपर्स ही मद्यशाळा आजही त्याच घराण्याच्या हातात आहे. पिंप त्याने स्वतः केलं नाही, पण निदान भरलं तरी.

पिंपातली प्यायला आणि उडी मारली

दुसरा नंबर मी एका चोराला देतो.

२४ नोव्हेंबर १९७१. अमेरिकेत पोर्टलंडहून सिॲटलला जाणारं नॉर्थवेस्ट ओरिएंटचं बोइंग ७२७. काळा सूट, काळा टाय घातलेला, चाळिशीतला एक शांत माणूस मागच्या रांगेत बसला. तिकिटावर नाव डॅन कूपर. त्याने बर्बन आणि सोडा मागवला. (ओकच्या पिंपातली तीच ती बर्बन. म्हणून दुसरा नंबर.) मग हवाई सुंदरीच्या हातात चिठ्ठी दिली: माझ्या बॅगेत बाँब आहे. मागणी दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट. सिॲटलला पैसे आले, त्याने सगळ्या प्रवाशांना उतरवलं, आणि विमान पुन्हा हवेत घ्यायला लावलं. त्या विमानाला शेपटाखाली जिना असायचा. रात्री, पावसात, तो जिना उघडून कूपरसाहेब पैशांसकट अंधारात उतरले ते आजतागायत कुणाला दिसलेले नाहीत. टाय मात्र सीटवर राहिला.

तो 'डी. बी. कूपर' झाला तो वार्ताहरांच्या घाईमुळे. पोलिसांनी त्या नावाच्या एका भलत्याच माणसाची चौकशी केली होती. तेच नाव बातमीत गेलं आणि कायमचं बसलं. १९८० मध्ये कोलंबिया नदीच्या काठी एका लहान मुलाला वाळूत ५,८०० डॉलरच्या नोटा सापडल्या. नंबर जुळले, बाकीचे पैसे नाहीत. एफबीआयने २०१६ मध्ये तपासाला रामराम ठोकला. त्या विमानांना मात्र या प्रकरणानंतर एक छोटी फिरती पट्टी बसवली. वाऱ्याच्या झोताने ती वळते आणि हवेत जिना उघडूच देत नाही. तिचं नाव 'कूपर व्हेन'. स्वतःचं खरं नाव कुणाला कळू न देता विमानाच्या सुट्या भागाला नाव देऊन जाणारा चोर हा एकच.

आपले कूपर

मुंबईतले कूपर बहुतेक पारशी. पारशांनी धंद्यांवरून घेतलेली इंग्रजी आडनावं आपल्याला नवी नाहीत. फारुख इंजिनिअर यष्टीमागे आणि नरी कॉन्ट्रॅक्टर सलामीला, अशी क्रिकेटच्या धावफलकावरच आपण ती वाचली. कूपर त्याच पंगतीतले. जुहू-पार्ल्याचं महापालिकेचं रुग्णालय डॉ. रुस्तम नरसी कूपर यांच्या नावाचं. पश्चिम उपनगरांत 'कूपरला नेलंय' एवढं म्हटलं की पुढे 'रुग्णालयात' म्हणावं लागत नाही.

साताऱ्याचे कूपर म्हणजे सर धनजीशा कूपर. मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान कोण, असं प्रश्नमंजूषेत विचारलं की निम्मी सभा बाळासाहेब खेर म्हणते आणि गुण घालवते. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत.) १९३७च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सगळ्यांत मोठा पक्ष ठरली. पण गव्हर्नरच्या खास अधिकारांवरून वाद झाला आणि काँग्रेसने मंत्रिमंडळ बनवायला नकार दिला. मग गव्हर्नरने साताऱ्याच्या कूपरांना बोलावलं. १ एप्रिल १९३७ ला कूपर मंत्रिमंडळ आलं. अर्थखातं जमनादास मेहतांकडे. जुलैत काँग्रेसचं मन वळलं, खेर आले, कूपर गेले. साडेतीन महिन्यांचा कारभार, पण पहिला तो पहिलाच.

त्याच कूपरांचा कारखाना साताऱ्यात १९२२ पासूनचा. आधी लोखंडी नांगर आणि शेतीची अवजारं, नंतर डिझेल इंजिनं. किर्लोस्करवाडी काही फार लांब नव्हती. तेव्हा तिथेही नांगरच ओतले जात होते. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला नांगर घ्यायला दोन दुकानं होती म्हणा ना. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कूपर हे नाव आजही पाटीवर आहे. पिंप? नाही.

तिसरे आपले कूपर रुस्तम कावसजी. हे कायद्याच्या पुस्तकात राहतात. १९ जुलै १९६९ ला इंदिरा गांधींच्या सरकारने १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या. सेंट्रल बँकेचे संचालक आणि या बँकांपैकी काहींचे भागधारक असलेले कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले. वकील नानी पालखीवाला. अकरा न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि १० फेब्रुवारी १९७० ला दहा विरुद्ध एक असा निकाल लागला. तो कायदा रद्द. कूपर जिंकले! आणि चारच दिवसांत सरकारने नवा वटहुकूम काढून त्याच १४ बँका पुन्हा घेतल्या. कूपर जिंकून हरले, पण निकाल राहिला. मूलभूत हक्क सुटे-सुटे वाचायचे नाहीत, सरकारच्या कृतीचा नागरिकावर प्रत्यक्ष काय परिणाम होतो ते बघायचं, ही दिशा या निकालाने दिली, आणि २०१७च्या खासगीपणाच्या निकालातही त्याचा दाखला आहे. तेव्हा 'आर. सी. कूपर विरुद्ध भारत सरकार' माहीत नसलेला वकील भेटला तर दुसरा बघा.

धावती भेट

पीटर कूपर, न्यू यॉर्क. १८३० मध्ये 'टॉम थम्ब' नावाचं चिमुकलं वाफेचं इंजिन बनवून घोड्याशी शर्यत लावली. इंजिन पुढे होतं, पण ऐन वेळी पट्टा निसटला आणि घोडा जिंकला. पुढे १८४५ मध्ये खाण्याच्या जिलेटिनचं पेटंट घेतलं, म्हणजे वाढदिवसाच्या ताटातल्या जेलीचे पणजोबा हेच. मिळवलेल्या पैशातून १८५९ मध्ये कूपर युनियन ही संस्था काढली आणि तिथे पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी फुकट शिकले. लिंकनला राष्ट्राध्यक्षपदाकडे नेणारं १८६० चं भाषण याच संस्थेच्या सभागृहात झालं. पंच्याऐंशीव्या वर्षी स्वतःही राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि पडले.

मार्टिन कूपर. ३ एप्रिल १९७३ ला न्यू यॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून जगातला पहिला हातातला मोबाइल कॉल यांनी लावला. तोही कुणाला, तर प्रतिस्पर्धी कंपनीच्या जोएल एंगेलला, खिजवायला. एंगेल म्हणतात, मला असा फोन आल्याचं आठवत नाही. आता बरोबरच आहे ना! फोनचं वजन किलोभराच्या वर, त्यामुळे बोलणारा आपसूकच थोडक्यात आवरायचा. तेव्हा हात दुखायचा, आता कान.

जॉन कूपर. फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन चालकाच्या मागे ठेवायचा हट्ट धरला. बड्या कंपन्या हसल्या. १९५९ आणि १९६० ला जॅक ब्रॅबहॅम कूपरच्या गाडीत लागोपाठ जगज्जेता झाला, आणि सगळ्यांनी इंजिन मागे नेलं. १९६१ ला मिनी कूपर आली. तिने माँटे कार्लो रॅली तीनदा जिंकली. चौथ्यांदाही जिंकली असती, पण १९६६ ला पंचांनी दिव्यांचं कारण काढून बाद केलं. इंग्रजांना तो राग अजून आहे.

लिऑन कूपर. एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉन अतिथंड धातूत जोडीने फिरतात हे यांनी १९५६ मध्ये दाखवलं. या 'कूपर जोड्यां'मुळे अतिवाहकता समजली आणि १९७२ चं नोबेल मिळालं. एमआरआयच्या बोगद्यात तुम्ही निजलेले असता तेव्हा भोवतीच्या चुंबकात याच जोड्या फिरत असतात. मालिकेतल्या त्या शेल्डनचं आडनाव यांच्यावरूनच ठेवलं असं सांगतात.

गॉर्डन कूपर अंतराळवीर. १९६३ मध्ये २२ प्रदक्षिणा घालून परतताना यानाची स्वयंचलित यंत्रणा बंद पडली. पठ्ठ्याने मनगटी घड्याळावर वेळ मोजून, खिडकीतून तारे आणि क्षितिज बघून यान हाताने उतरवलं. आपण पत्ता शोधायला चौकातही जीपीएस लावतो.

गॅरी कूपरचं खरं नाव फ्रँक. एजंटबाईंनी इंडियानातल्या गॅरी शहरावरून नाव सुचवलं. शहराचं नाव एका पोलाद कंपनीच्या अध्यक्षाच्या आडनावावरून. आणि या नटामुळे हजारो पोरांची नावं गॅरी झाली. म्हणजे आडनावाचं गाव, गावाचं नाव आणि नावाचं बारसं.

ॲलिस कूपर ही बाई नाही. डोळ्यांत काजळ फासणारा, गळ्यात अजगर घालून गाणारा रॉक गायक आहे. मूळ नाव व्हिन्सेंट फर्निअर, आणि वडील धर्मोपदेशक.

टॉमी कूपर जादूगार. लाल तुर्की टोपी, आणि सगळे खेळ फसायचे, मुद्दाम. १५ एप्रिल १९८४ ला टीव्हीवर थेट कार्यक्रम चालू असताना तो मंचावर कोसळला. हा नवा विनोद समजून लोक हसत राहिले. तो खरंच गेला होता.

ऑझ कूपर अक्षरं काढायचे. १९२२ चा त्यांचा गुबगुबीत 'कूपर ब्लॅक' टंक नावाने नाही, तरी डोळ्यांनी तुम्हाला नक्की ओळखीचा आहे. गारफील्ड मांजराचं नाव आणि इझीजेटच्या विमानावरची अक्षरं त्यातलीच.

आणि हो, अमेरिकेत कुत्र्यांच्या लाडक्या नावांच्या यादीत कूपर बरंच वर असतं. तेवढ्यावरून पारशी कॉलनीत कुणी रागावू नये.

पळा, कूपर करा

केनेथ कूपर हे अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर. सैनिकाचा दमसास मोजायचा कसा? प्रयोगशाळा, नळ्या, मुखवटे असा सगळा खटाटोप करण्यापेक्षा त्यांनी सोपं केलं. बारा मिनिटं पळा आणि किती अंतर कापलं ते सांगा. १९६८ ला 'एरोबिक्स' हे त्यांचं पुस्तक आलं आणि तो शब्द जगभर पसरला. ब्राझीलच्या फुटबॉल संघाने १९७० च्या विश्वचषकाची तयारी करताना ही पद्धत उचलली. पेलेचा तो संघ विश्वविजेता झाला. मग काय, अख्खा देश पळायला लागला, आणि समुद्रकिनारी सकाळचं पळणं म्हणजेच 'कूपर' झालं. तिकडे 'कूपर करायला जातो' असं म्हणतात. एखाद्या माणसाचं आडनाव त्याच्या हयातीत दुसऱ्या भाषेत क्रियापदाच्या कामाला लागणं, याहून मोठा सन्मान मला तरी माहीत नाही. पिंपाशी संबंध? आहे की! पोटाचं पिंप कमी करायला.

लिहायचं काउपर, म्हणायचं कूपर

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या सगळ्यांना 'काउपर ग्रंथी' आठवत असतील. पोरं खिदळायची तो धडा. ते नाव इंग्लिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम काउपर यांचं, आणि हे आडनाव म्हणजे कूपरचंच जुनं स्पेलिंग. अठराव्या शतकातला कवी विल्यम काउपरही स्वतःचं नाव 'कूपर' असंच उच्चारायचा. पण आपल्याकडच्या प्राध्यापकांसमोर हा मुद्दा काढू नका. तोंडी परीक्षेत काउपरच म्हणा आणि गुण घ्या.

परदेशातले चुलतभाऊ

पिंपवाले सगळ्याच देशांत होते, त्यामुळे आडनावंही सगळीकडे. युक्रेन-रशियात बोंडारचूक. हंगेरीत बोडनार. जर्मनीत बोट्खर आणि फासबेंडर. अभिनेता मायकेल फासबेंडर हा अर्थाने 'पिंप बांधणारा'. हॉलंडमध्ये कायपर. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाची इमारत उभारणारा पियर कायपर्स हाही याच घरचा.

पण कायपरांत खरा लांबवर पोचला तो खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर. नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाळ गोळ्यांचा जो पट्टा आहे, ज्यात बिचारा प्लूटोही मोडतो, तो 'कायपर पट्टा'. गंमत म्हणजे १९५१ मध्ये कायपर म्हणाले होते की असा पट्टा पूर्वी असेल, पण आता उरलेला नसणार. १९९२ पासून तिथले गोळे एकामागून एक सापडायला लागले. नाही म्हणणाऱ्याचंच नाव त्याला लागलं. सूर्यमालेभोवती पिंपवाल्याचं कडं बसलंय, आणि तेही चुकून.

बव्हेरियात पिंपवाल्याला म्हणतात शेफ्लर. हे नाव पुण्याला ओळखीचं. तळेगावला बेअरिंगचा जो मोठा कारखाना आहे, त्याच्या जर्मन मालक घराण्याचं आडनाव तेच. गडगडणाऱ्या गोल वस्तूंचा धंदा करणारा हा एकच पिंपवाला निघाला, तेव्हा तिसरा नंबर त्याला.

म्युनिकचे शेफ्लर मात्र नाचतात. १५१७ च्या प्लेगनंतर लोक भीतीने घराबाहेर पडेनात, तेव्हा पिंपवाले हिरव्या पानांनी मढवलेली अर्धगोल कडी घेऊन रस्त्यात नाचले आणि लोकांना बाहेर काढलं, अशी आख्यायिका आहे. लाल कोट घालून हा नाच दर सात वर्षांनी होतो. एक जण पिंपाच्या कड्यात दारूने भरलेले ग्लास ठेवून ते कडं डोक्याभोवती गरगर फिरवतो, आणि थेंब सांडत नाही. हा नाच २०१९ मध्ये झाला, त्यानंतर २०२६ चं वर्ष होतं आणि पुढचं २०३३. तेवढा धीर नसेल तर म्युनिकच्या मारिएनप्लाट्झ चौकात सकाळी अकराला किंवा दुपारी बाराला जाऊन उभे राहा. नगरपालिकेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात खालच्या मजल्यावर जे बाहुले नाचतात ते पिंपवाले. बघायला तिकीट लागत नाही.